शरदातले कंद



वसंतातल्या व्याख्यानात शरदातल्या लागवडीविषयी बोलायचे, हे कोणाला उफराटे वाटेल. पण या फुलांचा हिशेबच तसा आहे. श्रीनगरला झबरवानच्या उतारावर चैत्रात ट्यूलिपचे जे ताटवे फुलतात, त्यांचे कंद आदल्या वर्षी चिनार लाल होण्याच्या सुमारास मातीत गेलेले असतात. तो देखावा पाहून आलेली मंडळी आम्हाला हटकून विचारतात, "हे पुण्यात का होऊ नये?" त्याचाच विचार आज करू.

ट्यूलिपचा कंद म्हणजे दिसायला आपला कांदाच. शरदात तो उभा चिरला, तर पापुद्र्यांच्या आत, तळाशी, इवलेसे फूल तयार सापडते: पाकळ्या, पुंकेसर, सगळे. म्हणजे फूल घडवायचे काम उन्हाळ्यातच उरकलेले असते. मग अडते कुठे? देठापाशी. बारा ते सोळा आठवडे, पाच ते नऊ अंशांच्या आसपासची थंडी सलग मिळाली नाही, तर देठ वाढत नाही. फूल पानांच्या बेचक्यातच खुरटते किंवा कळी आतल्या आत सुकते. या वनस्पतीचे माहेर तिएनशान आणि पामीरचे डोंगर. तेथे हिवाळा कडक, वसंत ओला व आखूड, उन्हाळा कोरडा. या क्रमाला तिने आपला संसार बेतला आहे. म्हणूनच थंड देशांतला माळी जमीन गोठण्यापूर्वी, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा करून, शेंडा वर ठेवून तो पुरतो आणि चार-पाच महिने निवांत बसतो.

हॉलंडात लायडनच्या बागेत क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ नंतर ही झाडे लावली. पुढे १६३७ साली त्यांच्या सट्ट्याचा फुगा फुटला, ती कथा आपण ऐकलेली असेल. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती १९४४-४५ च्या हिवाळ्यातली हकीगत. जर्मनांच्या नाकेबंदीने पश्चिम हॉलंडातले अन्न संपले. सुमारे वीस हजार माणसे भुकेने गेली. तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. वरचा पापुद्रा सोलायचा, मधला पिवळा कोंब बाधतो म्हणून काढून टाकायचा, उरलेले उकडायचे किंवा वाळवून दळायचे. तो काढून टाकलेला कोंब म्हणजेच येत्या वसंतातले फूल! (हा प्रयोग कोणी घरी करू नये. नार्सिससचे कंद तर सरळ विषारी असतात.)

आता पुण्याचे पाहू. पौषातल्या एखाद्या पहाटे पारा दहावर उतरतो खरा, पण दुपारी तोच अठ्ठावीस-तिसावर जातो. ही थंडी नव्हे, थंडीची हूल. तेव्हा हौशी माणूस कंद फ्रिजमध्ये ठेवतो. तेही साधते, मात्र शेजारी केळी-सफरचंदे असता कामा नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. फूल आले तरी पुढे काय? जुना कंद दर वर्षी संपतो. नव्या पिलांचे पोषण फुलानंतर पानांनी करायचे असते, आणि आपल्या फाल्गुनाच्या उन्हात पाने त्याआधीच करपतात. दर वर्षी पुन्हा खरेदी! ज्याला परवडते त्याने खुशाल करावे. पण ती लागवड नव्हे, कुंडीतला पुष्पगुच्छ आहे, हे समजून करावे.

झोपेची गरज आपल्याकडच्या कंदांनाही असते. फक्त ती थंडीची नसते, कोरडेपणाची असते. सह्याद्रीवरचा रानकांदा वैशाखात, एकही पान नसताना, तापल्या उतारावर फुलतो. परक्या कंदांपैकी ज्यांना आपली हवा मानवते, त्यांतला शरदात लावण्याजोगा म्हणजे ग्लॅडिओलस. तो मुख्यतः आफ्रिकेतला, आणि त्याला हिवाळ्याची अट नाही. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस ओसरला की, पाणी न साचणाऱ्या वाफ्यात दोन-तीन इंच खोल, वीतभर अंतराने कंद लावावेत. अडीच-तीन महिन्यांत तुरे येतात. तुरा कापताना निदान चार पाने झाडावर ठेवावीत. मुळापर्यंत कापण्याचा मोह पुढच्या वर्षीच्या फुलावर बेततो. पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, कंद उकरून सावलीत सुकवावेत, भोवतीची बारीक पिले वेगळी ठेवावीत. त्यांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात. मोठे कंद सुती पिशवीत घालून पुढच्या दसऱ्यापर्यंत वाऱ्याला टांगून ठेवावेत. पिशवीवर रंग लिहून ठेवला, तर बरे.