यंदा थंडी किती?
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे, अशी चिटणीस साहेबांची सूचना होती. परंतु ते महत्त्व पटले नसते, तर आपण बाग, दुकान, होडी सोडून इथे आलाच नसता. पटलेली गोष्ट पुन्हा पटवीत बसण्यापेक्षा मी एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. पाऊस ओसरला, भातकापणी आटोपली, की आपल्या कोकणातल्या प्रत्येक पडवीत तो विचारला जातो. "यंदा थंडी किती पडणार?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. तेव्हा याचे उत्तर मला ठाऊक असणार, असे समजून लोक आजही मला रस्त्यात थांबवून विचारतात. माझे खरे उत्तर थोडे लांबलचक आहे आणि ते एका चुकलेल्या अंदाजापासून सुरू होते.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील हापूसच्या बागा कराराने घेत असत. मोहोर दिसल्यावर बाग घेतली तर ती महाग पडते. मोहोरापूर्वी घेतली तर स्वस्त पडते. त्या वर्षी गावातले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "धोबी पक्षी लवकर उतरलेत. यंदा थंडी लवकर येणार आणि कडक येणार." त्यांच्या शब्दाला गावात मान होता. वडिलांनी मोहोरापूर्वीच तीन बागा घेतल्या. मुंबईच्या दलालाकडून उचल घेतली, ती पुरेना, तेव्हा घरात ठेवलेले आणखी काही पैसे त्यात घातले. ते पैसे माझ्या आपाच्या शिक्षणाचे होते. आपा त्या वेळी तालुक्याच्या शाळेत नववीत होती आणि एका नातलगाकडे राहून शिकत होती.

डिसेंबरात आभाळ भरून आले. दोन दिवस पाऊस पडला. झाडांना मोहोराऐवजी पालवी फुटली. खरी थंडी पडली ती जानेवारीच्या मध्याला आणि मोहोर आला महिनाअखेरीस. मोहोरापासून फळ हाती यायला साडेतीन-चार महिने लागतात. म्हणजे आमचा आंबा तयार झाला तो मे सरता सरता, भाव उतरल्यावर आणि पाऊस दाराशी आल्यावर. उचल फिटली नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आपा घरीच राहिली. वर्षभरासाठी म्हणून राहिली, ती कायमचीच.

मित्रहो, त्या वृद्ध गृहस्थांना मी दोष देत नाही. वडिलांनाही देत नाही. अंदाज कुठे चुकला, हे समजून घेण्यासाठी मला भूगोलाचे शिक्षक व्हावे लागले, एवढेच सांगतो.

प्रथम पक्ष्यांचे पाहू. धोबी पक्षी हिमालयाकडून व त्याच्याही पलीकडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो. तो लवकर आला, तर जिथून तो निघाला तिथल्या दिवसांविषयी काही सांगत असेल. आपल्या बागेत डिसेंबरात काय होणार, हे त्याला कोण सांगणार? निसर्गातल्या बहुतेक खुणा अशाच असतात. त्या घडून गेलेल्याची साक्ष देतात आणि आपण त्यांना येणाऱ्याविषयी प्रश्न विचारतो. "पाऊस भरपूर झाला, आता थंडीही भरपूर" हे वाक्यही त्याच जातीचे. ऑगस्टच्या पावसाने डिसेंबरचे वारे ठरत नाहीत.

दुसरी गोष्ट पंचांगाची आणि परंपरेची. काश्मीरमध्ये हिवाळ्याचे तीन भाग मानतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस "चिल्ला-ए-कलान", त्यानंतर २० दिवस "चिल्ला-ए-खुर्द" आणि शेवटचे १० दिवस "चिल्ला-ए-बच्चा". चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ, हे आपणांस सांगायला नको. ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि तिच्यावर तिथली घरे सरपण, सुकवलेल्या भाज्या, कांगडीचा कोळसा यांची तयारी करतात. पण ती विभागणी थंडी केव्हा येते ते सांगते; यंदा किती येणार, ते सांगत नाही. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. ऋतूचा स्वभाव माहीत असणे वेगळे आणि या वर्षीचा त्याचा राग-लोभ आधी कळणे वेगळे.

मग थंडी येते तरी कशी? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने, इराण-अफगाणिस्तानवरून, वातावरणातल्या उलथापालथी एकामागून एक आपल्या उत्तर सीमेकडे येतात. त्यांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. त्यांनी हिमालयात बर्फ पडते. ते पुढे सरकले की मागून उत्तरेची गार, कोरडी हवा मैदानात उतरते आणि कधी कधी महाराष्ट्रापर्यंत पोचते. त्याच वेळी आभाळ निरभ्र असेल, तर दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब मोकळ्या आकाशात सोडून देते आणि पहाटे पारा उतरतो. उलट बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ उठले, दमट वारे आले, ढग जमले, की जमिनीवर जणू गोधडी पांघरली जाते आणि थंडी नाहीशी होते. वडिलांच्या तीन बागांवर त्या डिसेंबरात हीच गोधडी पसरली होती.

आता हे चक्रावात किती येतील, कोणत्या तारखेला येतील, ढग कधी जमतील, हे दोन-तीन महिने आधी कुणी सांगू शकेल का? अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिले, की हवेच्या आजच्या स्थितीतला अगदी बारीक फरकसुद्धा पुढे वाढत वाढत सगळे चित्र बदलून टाकू शकतो. म्हणून दिवसवार अंदाजाची मर्यादा आजही साधारण दोन आठवड्यांची आहे. दिवाळीत बसून नाताळच्या पहाटेचा पारा सांगणारा माणूस कितीही आत्मविश्वासाने बोलला, तरी तो अटकळच सांगत असतो.

तर मग संपूर्ण हंगामाविषयी काहीच कळत नाही का? थोडे कळते. त्याची कथा आपल्याच देशात सुरू झाली. १९०४ ते १९२४ या काळात सर गिल्बर्ट वॉकर हे भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते. ते मुळात गणिती. पावसाळ्याचा आगाऊ अंदाज कसा बांधावा, या प्रश्नासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी गोळा केल्या आणि कारकुनांच्या मदतीने वर्षानुवर्षे त्यांचे गणित मांडले. त्यांना आढळले, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो उतरतो आणि उलटही होते, जणू तराजूची दोन पारडी. आज आपण वर्तमानपत्रांत एल निनो आणि ला निना हे शब्द वाचतो. त्यांचा या तराजूशी संबंध आहे, हे पुढे १९६०च्या दशकात उलगडले. विषुववृत्ताजवळचा मध्य व पूर्व प्रशांत महासागर नेहमीपेक्षा गार झाला, की त्याला ला निना म्हणतात. अशा वर्षी उत्तर भारतात थंडी जास्त पडण्याकडे कल असतो. कल म्हटले, हमी म्हटले नाही.

ताजे उदाहरण घ्या. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात "ला निना येणार, यंदा हाडे गोठवणारी थंडी" अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. ला निना उशिरा आला आणि दुबळा निघाला. डिसेंबरच्या सुरुवातीस भारतीय हवामान खात्याने उलट सांगितले होते, की देशाच्या बहुतेक भागांत रात्री सरासरीपेक्षा उबदार राहतील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील. पुढे २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मथळ्यावर विसंबून स्वेटरांचा साठा करणाऱ्या दुकानदाराने काय करावे?

पण खात्याचाही शब्द काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाने २००९-१० च्या हिवाळ्याआधी सौम्य हिवाळ्याची शक्यता अधिक दाखविली होती. कडक हिवाळ्याची शक्यता कमी होती, पण शून्य नव्हती. नेमका तोच आला, तीस वर्षांतला सर्वांत थंड. लोक इतके रागावले, की मार्च २०१० मध्ये त्या कार्यालयाने असे हंगामी अंदाज जनतेसाठी प्रसिद्ध करणे थांबविले. चूक कुणाची झाली? पाचातून एकदा घडेल असे सांगितलेले कधीतरी घडणारच. ऐकणाऱ्यांनी "शक्यता कमी" हे शब्द "होणार नाही" असे ऐकले. शक्यतेचे गणित आपण शाळेत गुण मिळविण्यासाठी सोडवितो, पण ते खरे उपयोगी पडते ते अशा वेळी.

आणखी एक प्रश्न मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारीत असे. "कडक थंडी म्हणजे कुणासाठी कडक?" पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता, नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी शून्याच्या आसपास आणि मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंशांवर. हे आकडे ऐकून श्रीनगरचा माणूस हसेल. गहू-हरभऱ्याचा शेतकरी थंडीसाठी दुवा मागतो, तर तीच थंडी फार वाढली की नाशिकचा द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितो. आपल्या हापूसला तर थंडी हवी, पण बेताची आणि वेळेवर. ती फार लांबली, तर फळ धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि बारीक कैरी गळते. म्हणून "थंडी किती" यापेक्षा "थंडी केव्हा, आणि किती दिवस" हा आपला खरा प्रश्न आहे.

पालकहो, आता आपाकडे परत येतो. तिचे लग्न झाले तेही बागाईतदाराच्या घरी. नववीपर्यंतच्या शिक्षणावर तिने एक काम केले. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज दोन शब्द लिहायचे: गार, ढगाळ, वारा, पाऊस. मोहोर दिसला ती तारीख आणि पहिली पेटी गेली ती तारीख. आणि गावात कुणी थंडीचा अंदाज सांगितला, तर तोही, सांगणाऱ्याच्या नावासकट. जुनी कॅलेंडरे तिने टाकली नाहीत. काही वर्षांनी तिनेच मला दाखविले, की पक्ष्यांवरून सांगितलेला अंदाज जितक्या वेळा खरा ठरला, जवळजवळ तितक्याच वेळा खोटा ठरला. "नाणे उडवले असते तरी चालले असते," ती म्हणाली. गिल्बर्ट वॉकरचे नावही तिने ऐकले नव्हते. पण दोघांची रीत एकच: लिहून ठेवा आणि मग ताडून पाहा. खरे ठरलेले अंदाज माणसाच्या लक्षात राहतात, खोटे ठरलेले विसरतात. वही काहीच विसरत नाही.

माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. पहिले, विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यापासून अशी वही सुरू करावी. एक साधा तापमापक आणि रोजची पाच मिनिटे पुरेत. दुसरे, पालकांनी अंदाज जरूर ऐकावेत, पण प्रत्येकाची पोच ओळखून. हवामान खाते डिसेंबरच्या तोंडावर हिवाळ्याचा कल सांगते, दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानाधारित सल्ला मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. फवारणी कधी करायची, ते पाच दिवसांच्या अंदाजावर ठरवावे. तिमाही अंदाजावर नव्हे. अवकाळी पाऊस आणि तापमानाच्या धोक्यासाठी आंब्याला फळपीक विमाही आहे, त्याची चौकशी मुदतीपूर्वी करावी.

तिसरे मागणे सर्वांत महत्त्वाचे. जे एकदा गेले की परत येत नाही, ते अंदाजावर लावू नये. एका हंगामाचा आंबा गेला, तर पुढच्या हंगामात येतो. माझ्या वडिलांची उचल तिसऱ्या वर्षी फिटली. आपाची दहावी मात्र कधीच आली नाही. बाग घ्या, धंदा करा, धोका पत्करा. परंतु मुलामुलींच्या शिक्षणाचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवा आणि थंडी लवकर येवो वा उशिरा, तो डबा उघडू नका.

यंदा थंडी किती पडणार, हे मला ठाऊक नाही. जून महिन्यात शाळेत कोण कोण हजर असेल, हे मात्र आपण आजच ठरवू शकतो.