स्लो का बसत नाही?

जुनी मोटारसायकल सिग्नलला उभी असताना तिचा आवाज कधी उगाच चढतो, कधी ती धापा टाकत बंद पडते. मग मालक खाली वाकतो आणि कार्बोरेटरचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव फेरी आत घेतो. गाडी चालू राहते. आठवड्याने पुन्हा तेच. माझं म्हणणं असं, की ही पाव फेरी म्हणजे दुखणं झाकणं आहे. स्लो, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, बिघडला तर स्लोच्या या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

याचं कारण स्लोवर चाललेल्या इंजिनाच्या स्थितीत आहे. शंभर सीसीच्या चार स्ट्रोक गाडीचा स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांचा. दोन फेऱ्यांत ज्वलन एकदाच, म्हणजे मिनिटाला ७००, सेकंदाला जेमतेम बारा. सिलिंडर एकच, त्यामुळे एखादा ठोका चुकला तर तो सावरून घ्यायला दुसरं कुणी नाही. अशा वेळी कार्बोरेटरमधला हवेची वाट उघडणारा स्लायडर जवळजवळ खाली टेकलेला असतो आणि सगळं पेट्रोल स्लो जेटमधून येतं. या जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली, तर पेट्रोल उडून मागे उरलेला चिकट थर ते बुजवायला पुरतो. दुसरीकडे, स्लायडर बंद असल्यामुळे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त असते. तिथल्या रबराला केसाएवढी चीर पडली, तरी तिथून येणारी चोरटी हवा मिश्रणाचा तोल घालवते. रेस दिल्यावर आत येणाऱ्या हवेच्या लोंढ्यात तीच चोरी खपून जाते. म्हणून रस्त्यावर छान पळणारी गाडी उभी राहिली की रुसते.

आता स्क्रू काय करतो ते पाहा. तो स्लायडर थोडा वर उचलून धरतो. जास्त उचलला की स्लो जेटवरची ओढ कमी होते आणि नीडलकडून पेट्रोल येऊ लागतं. म्हणजे जो भाग आजारी आहे त्याला आपण कामावरूनच काढून टाकतो. याचा पुरावा हवा असेल तर एअर स्क्रू, म्हणजे स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा दुसरा स्क्रू, अर्धी फेरी फिरवून पाहा. आवाजात काहीच फरक पडला नाही, तर जेट तुंबलेला आहे किंवा स्लायडर नको तितका वर आहे.

खरं तर गाडी स्वतःच बोलत असते. चोक ओढल्यावर स्लो स्थिर झाला, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त शिरतेय. रेस सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लागला, तर चोरट्या हवेचा संशय घ्यावा. मॅनिफोल्डचं रबर हाताने वाकवून त्याची खालची बाजू बघावी, कारण वरून ते धडधाकट दिसतं. इंजिन चालू ठेवून त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर चीर तिथेच. (काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर पेट्रोल, हा शुद्ध वेडेपणा.) हँडल डावी-उजवीकडे वळवताना आवाज चढला, तर केबल ताणली जातेय, कार्बोरेटर बिचारा निर्दोष. थंड असताना ठीक आणि तापल्यावर ढासळणारा स्लो टॅपेटकडे बोट दाखवतो: गॅप कमी पडला की तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. प्लगही तेव्हाच काढून पाहावा.

यावर कुणी म्हणेल, एवढं कशाला, नवा कार्बोरेटरच बसवा. बसवा की, पण फाटक्या रबरावर बसवलेला नवा कार्बोरेटरही हवाच खाईल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा. यात तथ्य आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. जुन्या रबरालाही ते मानवत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सरवरून पेट्रोलचं प्रमाण सावरलं जातं, कार्बोरेटरला ती सोय नाही. पण केवळ इंधन बदलल्याचा परिणाम सततचा असतो आणि एकदा नीट केलेल्या ट्यूनिंगने बराच आटोक्यात येतो. ट्यूनिंग आठच दिवसांत पुन्हा बिघडत असेल, तर इंधनाला शिव्या देण्याआधी रबर आणि जेट तपासलेच पाहिजेत. तिसरा आक्षेप मेकॅनिकचा, आणि तो प्रामाणिक आहे: गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नसतो. मान्य. मात्र घाईत जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं आणि मग कुठलाच स्क्रू त्या जेटला ताळ्यावर आणत नाही. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

हे सगळं झाल्यावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना, स्क्रूकडे वळावं. एअर स्क्रू सर्वांत चढ्या आवाजाच्या जागी ठेवायचा आणि मग स्लो खाली आणायचा. गॅरेजवाल्याला एवढी एक विनंती करा: फिरवण्याआधी एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकवून किती फेऱ्या बाहेर होता ते मोजा, आणि तो आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहून द्या.