झाडाची जाणीव आणि आपली जाणीव
(वार्षिक समारंभातील भाषण)



गरम तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. चटका बसल्याचे मेंदूला कळण्याआधीच मज्जारज्जूने स्नायूंना हुकूम दिलेला असतो. ही झाली आपली व्यवस्था. झाडाला ना मेंदू, ना मज्जातंतू. मग त्याला काही कळते काय?

आपल्या बांधावरच्या लाजाळूला हात लावून पाहा. पानाच्या देठापाशी एक बारीक फुगीर गाठ असते. स्पर्श होताच विजेचा सूक्ष्म संदेश तेथे पोहोचतो, गाठीच्या एका बाजूच्या पेशींतील पाणी बाहेर पडते आणि पान मिटते. काही मिनिटांनी ते पुन्हा उघडते. वनस्पतींतील हे विजेचे संदेश जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः बनविलेल्या नाजूक यंत्रांनी मोजून दाखविले. 1917 साली त्यांनी कलकत्त्यात आपली संशोधनसंस्था स्थापन केली.

लाजाळू चटकन उत्तर देते. आपला हापूस सावकाश देतो. पावसाळा संपून रात्री गार होऊ लागल्या की ती थंडी पाने ओळखतात. पानांत तयार झालेला संदेश काडीच्या टोकावरील डोळ्यापर्यंत जातो आणि तेथून मोहोर फुटतो. पण काडी जून झालेली हवी. पाऊस लांबला आणि कोवळी पालवी आली, तर त्या फांदीचा मोहोर लांबतो. रत्नागिरीच्या बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. पानाचा रंग बदलला की तो ओळखतो, आणि झाडाला दोष न देता मुळाशी काय कमी पडले ते शोधतो.

पालकहो, माझे सांगणे एवढेच की, ही नजर घरातही ठेवा. फळ्यावरचे दिसत नसेल तर मूल तसे सांगतेच असे नाही. इतरांनाही तेवढेच दिसते असे त्याला वाटते. ते डोळे बारीक करते, पुस्तकावर वाकते, शेवटी लक्ष देणेच सोडते. कमी ऐकू येणारे मूल हाकेला ओ देत नाही. आपण त्याला "ढ" किंवा "हट्टी" म्हणून मोकळे होतो! बोल लावण्याआधी त्याचे डोळे व कान तपासून घ्या. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून मुलांची तपासणी होते. तिचा लाभ घ्या. पुष्कळदा एका चष्म्याने मुलाचे सारे वर्ष सावरते. मुलींच्या बाबतीत तर, चष्म्याने रूप बिघडेल, लग्नाला अडचण येईल, असली भीती मुळीच बाळगू नका.

विद्यार्थी मित्रहो, दिसत नसेल, ऐकू येत नसेल तर गुरुजींना निःसंकोच सांगा. झाडाला बोलता येत नाही, तुम्हाला येते.