गंधसरू आणि वेठ

बायबलातला लबानोनचा गंधसरू हा आपल्या हिमालयातल्या देवदाराचा भाऊबंद. लाकूड सुवासिक, टिकाऊ. शलमोन राजाने यरुशलेमचे मंदिर आतून त्यानेच मढवले. ओंडके तराफे करून समुद्रावाटे आणले.

बोइसर-तारापूरच्या कामगारांत वावरणारे आम्ही मात्र आधी हजेरीपट पाहतो. वेठीला धरलेली माणसे ३०,०००; पाळी १०,००० ची; एक महिना लबानोनात, दोन महिने घरी. लाकडाबद्दल गहू आणि तेल मिळाले ते सोरच्या हीराम राजाला. या वेठकऱ्यांच्या मजुरीचा उल्लेखच नाही! शलमोनामागे लोकांनी जू हलके करा म्हणून विनवले. नव्या राजाने झिडकारले, आणि राज्य दुभंगले.

आपल्याच जिल्ह्यातल्या तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी १९४५ साली जमीनदारांची वेठ नाकारली. मंदिराचा थाट सांगताना ओंडका वाहणाऱ्याचा हिशेबही मागावा, एवढेच आमचे मागणे.