आमची गाय नव्हतीच!



शाल-श्रीफळ घेऊन झालं, आता थोडं कडू बोलते. व्यासपीठावरच्या मंडळींना रागवायचं असेल तर जेवणानंतर रागवा.

या संमेलनाच्या निबंधस्पर्धेचा विषय होता 'एका पूरग्रस्ताचे मनोगत'. त्यातल्या काही वह्या काल रात्री वाचल्या. सगळ्यांतला पूरग्रस्त एकच. त्याला नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. दुसऱ्या परिच्छेदात त्याची गाय वाहून जाते आणि शेवटी तो सांगतो, 'माणसाने निसर्गाशी खेळू नये.' मुलांचा काय दोष? गाइडात असंच छापलंय, आणि गाइडं आपल्यापैकीच कुणीतरी लिहितं.

कोणत्या माणसानं खेळू नये?

ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया आहे. सात गावांचं मिळून सातभाया. त्यातली बहुतेक गावं समुद्रानं एकेक करून गिळली. २०१८ साली ५७१ कुटुंबांना सरकारनं बागापाटियाला हलवलं. सातभायातल्या पंचुबाराही देवींच्या पूजेचा मान मच्छीमार समाजातल्या विवाहित बायकांचा. पुरुषानं मूर्तीला शिवायचं नाही, असा शेकडो वर्षांचा नेम. त्याच वर्षी मूर्तीही हलवायची वेळ आली. दगडाच्या वजनदार मूर्ती बायकांना उचलेनात, तेव्हा पहिल्यांदा पुरुषांचे हात लागले.

एवढंच दहा वर्षांच्या मुलीला सांगून बघा. ती विचारेल, देवी रागावल्या का? आता पूजा कोण करतं? आणि समुद्र आत आलाच कसा? मग तुमची सुटका नाही. सांगावं लागेल की पाणी तापलं की फुगतं, हिमनद्या वितळतात, महानदीवरच्या धरणांत गाळ अडतो आणि किनाऱ्याची झीज भरून येत नाही. हवा तापवण्यात त्या कोळणींचा वाटा किती, हेही सांगावं लागेल. एका अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड, भारतीयामागे २ टनांच्या आसपास. त्या दोन टनांतही तुमच्या-माझ्या एसीचा हिस्सा त्यांच्या चुलीपेक्षा मोठा.

एक प्रकाशक मला म्हणाले, "बाई, मुलांना एवढं जड नको. ध्रुवावरचं अस्वल चालेल." चालणारच! अस्वल आपल्या सोसायटीत भाड्यानं खोली मागायला येत नाही.

आता मराठवाड्यातल्या बीडकडे या. दिवाळीनंतर शाळांतली बाकं रिकामी होतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आईबाप कोयता घेऊन निघतात, मागोमाग पोरं. याचं सगळं खापर हवामानावर फोडणारा खोटं बोलतो. त्यात जमीन आहे, जात आहे, कारखानदारी आहे. पण पाऊस हुकला की कोयते वाढतात, हेही तितकंच खरं. आणि पाण्यावाचून घर सोडलेली ही माणसं तोडायला जातात काय, तर ऊस, सगळ्यात पाणीखाऊ पीक! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या हंगामातही मराठवाड्यात ऊस गाळला गेला. यातली गोम पोरांना पटकन कळते, आपणच मान डोलावून पुढचा विषय काढतो.

फडावरच्या त्या पोरीला वाचता येतं, हे आपण विसरतो. आपला निबंध तिच्या हाती पडला तर ती म्हणेल, "आमची गाय नव्हतीच."

आणि अशा घर सुटलेल्यांसाठी कायदा? १९५१ च्या निर्वासितांच्या करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, समाजगट आणि राजकीय मत, एवढ्याच कारणांनी होणाऱ्या छळाची भीती धरतात. घरात समुद्र शिरला, हे कारण त्यात नाही. आठवीच्या पोराला हे समजतं. तो विचारेल, का नाही? तेव्हा त्याला गप्प बसवू नका, एवढी कृपा करा.

संयोजकांना माझं सांगणं: पुढच्या वर्षी 'मनोगत' बंद. मुलांना धाडा सोसायटीच्या वॉचमनकडे, बांधकामावरच्या मावशीकडे, वर्षाच्या मध्येच वर्गात येऊन बसलेल्या मुलाकडे. गाव कोणतं, का सोडलं, परत जाता येईल का, एवढं विचारू द्या. नाव लिहायचं तर त्यांना विचारून. बक्षिसाला माझं आजचं मानधन घ्या, आणि परीक्षक म्हणून फडावरून परतलेल्या दोन मुली बसवा.