माळ राखू, धीर धरू



घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्या माणसांच्या मैंदर्गी या सीमेवरच्या गावाने मला साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिला, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. हा सोलापूर जिल्हा मारुती चितमपल्लींचा. 2006 साली सोलापूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आयुष्य वनखात्यात घालवलेला हा सोलापूरचा सुपुत्र अध्यक्ष होता. त्यामुळे साहित्याच्या मंचावरून रानाविषयी बोलताना मला संकोच वाटत नाही.

आज बोलायचे आहे हवामानाच्या धास्तीविषयी. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीनेचा पूर गावांत शिरला, उभी पिके कुजली. त्याच जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 44 अंशांच्या आसपास जातो. पेरणी केव्हा करावी, हे जाणत्यांनाही छातीठोकपणे सांगता येईनासे झाले आहे. ही धास्ती फक्त आपलीच नाही. 2021 साली ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह 10 देशांतील 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांना प्रश्न विचारले होते. 59 टक्के तरुण हवामानबदलामुळे अतिशय चिंतेत होते आणि 45 टक्क्यांहून अधिक जणांच्या रोजच्या जगण्यावर त्या चिंतेची सावली पडली होती.

या मुलांना कोणी दुबळे म्हणू नये. डोळे उघडे ठेवणाऱ्याला आज भीती वाटणारच. पण एकट्याने वाहिलेली भीती माणसाला हतबल करते. माझे सांगणे एवढेच, की ही चिंता चारचौघांत वाटून घ्या आणि तिला आपल्या शिवारातले काम द्या. पृथ्वी वाचवणे कोणा एकाच्या आवाक्यातले नाही, पण एक माळ राखणे गावाच्या आवाक्यातले आहे.

माळ कसा हातचा जातो, हेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. 1979 साली नान्नजच्या परिसरात माळढोक पक्ष्याचे अभयारण्य झाले. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याची व्याप्ती तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होती. त्यात लोकांची शेते आली, गावे आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. ज्यांच्या बांधावर हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या चरला, त्यांनाच तो अडचणीचा वाटू लागला. पुढे अभयारण्य 1,222 चौरस किलोमीटरवर आले. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला तारेच्या कुंपणापेक्षा शेजारच्या शेतकऱ्याची माया अधिक राखते. ती माया आपण गमावली आणि माळढोक नान्नजला दुर्मीळ झाला.

उलट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे. तिथे समुद्री कासवांची अंडी सर्रास पळवली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. भरतीरेषेजवळची अंडी उचलून कुंपणाच्या आत, मादीने खणलेल्या घरट्याएवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. पिल्ले बाहेर यायची वेळ झाली, की वर टोपली पालथी घालायची. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्ले समुद्राच्या दिशेने वाळूवर सोडायची. कासवाचे पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू तापली, तर माद्याच अधिक. म्हणजे हवामानबदल त्या टोपलीखालीही पोचला आहे. तरी वेळासकर हात बांधून बसले नाहीत. पाहुणे येतात, घरोघरी जेवणावळी होतात, कासवाबरोबर गावाचाही संसार चालतो.

आसामातही पूर्णिमादेवी बर्मन यांनी हजारो स्त्रियांना हरगिला नावाच्या करकोच्याच्या पाठीशी उभे केले. एके काळी अपशकुनी मानलेला तो पक्षी आता तिथल्या बायका मागावर कापडात विणतात. चादरीच्या सोलापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग मैंदर्गीने काय करावे? 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, नगरपरिषदेतसुद्धा, जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी तयार केलेली नोंदवही सांगितली आहे. ती वही कागदोपत्री न राहता शाळेतल्या मुलांनी, मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून भरावी. कुसळी, पवन्या, मारवेल कुठे उगवतात, माळटिटवी कुठे अंडी घालते, खोकडाचे बीळ कुठल्या बांधाला आहे, हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावे. लांडग्याने मेंढी मारली, तर वनखात्याची भरपाई मिळते. त्या पंचनाम्यासाठी शिकलेल्या मुलांनी मेंढपाळाबरोबर जावे. आणि हवामानाच्या काळजीपोटी माळावर सरसकट झाडे लावू नयेत. गवताची मुळेही जमिनीत कर्ब साठवतात. माळ हा पडीक तुकडा समजून त्यावर दाट झाडी उभी केली, तर काळवीट, धाविक आणि चंडोल जातील कुठे?

लेखकमित्रहो, आपलेही काम यातच आहे. विनाशाची वर्णने पुष्कळ झाली. राखणाऱ्या माणसांच्या कथा लिहा. मेंढपाळाचे माळाविषयीचे ज्ञान त्याच्याच शब्दांत नोंदवा, कारण ते ज्ञान त्याच्याबरोबर संपत चालले आहे.

या तीन-चार कामांनी तापमानवाढ थांबेल, असे मी म्हणणार नाही. कोळसा आणि तेल जाळणे कमी करण्याचा हिशोब सरकारांकडे आणि उद्योगांकडे मागावाच लागेल, आणि तो एकजुटीने मागण्याचे बळ अशा कामांतूनच येते. येत्या पावसाळ्याआधी मैंदर्गीकरांनी नोंदवहीचे पहिले पान लिहावे, अशी हात जोडून विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.