फोनवरची शिकवणी आणि डोळ्यांची आखणी

आम्ही पेण आणि रोह्याच्या बचत गटांतल्या बायका. फोनवर एकमेकींकडून काम कसं शिकता येतं आणि त्याने आपल्या कामाचं मोल कसं वाढतं, ते आज सांगणार आहोत.

पेणचे गणपती तुम्हाला माहीत आहेतच. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत वर्षभर मूर्ती घडतात. जोड घासणं, अंगाचा रंग, सोवळ्याचा रंग, दागिन्यांचं सोनेरी काम, यात बायकांचे हात खूप. पण डोळ्यांची आखणी मोजक्यांनाच येते, म्हणून तिला दर जास्त. ज्याला येते तो हंगामात घाईत. शिकवायला सवड कुठली? आणि घरचा स्वयंपाक, मुलं सोडून दुसऱ्या गावच्या कारखान्यात रात्री बसायला आपल्याला तरी कुठे जमतं?

२०२० च्या टाळेबंदीत एकमेकींकडे जाणंही बंद झालं, तेव्हा आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. त्याच मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित सूचना आल्या: पीओपी नको, माती वापरा. पुढे जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, पण नदी-समुद्रात विसर्जनाची मोकळीक दिली नाही. नियम असे बदलतात. जिच्या हाताला पीओपी आणि शाडू दोन्ही येतं, तिचं काम अडत नाही. शाडू कडक उन्हात घाईने सुकवला तर तडकतो, आत ओल राहिली तर रंग नीट बसत नाही. अशा गोष्टी आम्ही ग्रुपवर एकमेकींना विचारून शिकलो.

तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर सगळं आहे की! आहे. पण व्हिडिओ दुसऱ्याचा हात दाखवतो, आपला हात बघत नाही. आपली रेघ कुठे चुकते हे सांगायला माणूसच लागतं.

त्यासाठी आम्ही तीन सवयी लावून घेतल्या. पहिली, अर्धवट काम दाखवायचं. रंग वाळल्यावर दाखवलं तर दुरुस्ती कशी करणार? दुसरी, प्रश्न नेमका विचारायचा. ‘कसं झालंय?’ विचारलं की ‘छान गं’ आणि फुलाचं चित्र येतं. ‘डावी पापणी वर गेलीय का?’ विचारलं की उत्तर येतं. तिसरी, फोटो मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, अगदी समोरून काढायचा. मग तो फोनमध्येच आरशासारखा उलटा करून बघायचा. सरावाच्या नजरेला न दिसलेला वाकडेपणा लगेच दिसतो.

सगळ्याजणींकडे स्वतःचा फोन नाही. कुणाचा फोन मुलाच्या अभ्यासाला, कुणाचा नवऱ्याबरोबर कामावर. म्हणून आम्ही बोलून निरोप पाठवतो. तो रात्री ऐकता येतो, लिहिता-वाचता न येणारीलाही कळतो, आणि एका फोनभोवती तिघी-चौघी बसून ऐकतात.

रोह्याच्या आमच्या मैत्रिणी शिवणकाम करतात. हल्ली मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर, शेला, फेटा हवा असतो. पेणहून मूर्तीची मापं जातात, रोह्याहून कापड कसं चुणायचं ते येतं. दोघींनाही काम मिळतं.

सगळ्यात मोठा फायदा मात्र दराचा. तेवढ्याच उंचीची मूर्ती, तेच रंगकाम, आणि एकीला दुसरीपेक्षा कमी पैसे! हे बोलल्याशिवाय कळलंच नसतं. आता काम घेण्याआधी आम्ही दर एकमेकींना विचारतो आणि मगच हो म्हणतो. एकटीने मागितलं तर ‘परवडत नसेल तर सोड’ असं ऐकावं लागतं. चौघींनी मिळून मागितलं की बोलणं सुरू होतं.

फोनने सगळं येत नाही, बरं का. माती किती ओली हे बोटालाच कळतं. म्हणून हंगामाआधी एकदा तरी रेल्वेने पेण-रोहा करून आम्ही प्रत्यक्ष भेटतो. आणि एक नियम पक्का: एकीच्या कामाचा फोटो तिला विचारल्याशिवाय ग्रुपबाहेर जायचा नाही.

तुमचं काम मूर्तीचं नसेल, रांगोळीचं असेल, मेंदीचं असेल, गोधडीचं असेल. तुमच्याच कामातल्या चार-पाचजणींचा ग्रुप करा. आणि पहिला फोटो अर्धवट कामाचा टाका, सोबत एक नेमका प्रश्न विचारा. उत्तर देणारी नक्की भेटेल.